फर्मवेअरचा सातबारा

मार्च 2021 मध्ये तत्कालीन केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत एक उत्तर दिलं होतं. सरकारी संस्थांमध्ये बसवलेले सुमारे दहा लाख सीसीटीव्ही कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतलं चित्रण परदेशातल्या सर्व्हरकडे जाण्याचा धोका आहे, असं त्यात मान्य केलं होतं. पुढे एप्रिल 2024 मध्ये केंद्राने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम काढले आणि वर्षभराने, एप्रिल 2025 पासून, ते लागू झाले. आता कॅमेरा विकायचा तर तो आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. पाऊल योग्यच आहे. पण त्यावरची सगळी चर्चा कंपनी कोणत्या देशाची, यावरच अडकून पडली. मला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे. कॅमेऱ्याला वीज मिळाल्यावर पहिल्या सेकंदाला जी फाइल चालते, तिच्यात नेमकं काय काय आहे, हे कॅमेरा विकत घेणाऱ्या महापालिकेला तरी ठाऊक असतं का? माझं म्हणणं असं की ते ठाऊक नसतं, ते ठाऊक असायला हवं, आणि ते लिहून देण्याची साधनं आज फुकट उपलब्ध असल्यामुळे जनतेच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक खरेदीत ती अट घातली पाहिजे.

ही फाइल म्हणजे फर्मवेअरची, म्हणजे यंत्रात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरची, इमेज. बाहेरून ती एकसंध दिसते, पण आत चार-सहा वेगवेगळे प्रोग्राम ठरावीक अंतरांवर मांडलेले असतात. ऑलविनर कंपनीच्या चिपांचं उदाहरण घेऊ. स्वस्त बोर्डांवर त्या सर्रास सापडतात. वीज मिळाली की चिपमध्येच कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि एसडी कार्डावर सुरुवातीपासून बरोबर 8 किलोबाइट पुढे जाऊन वाचू लागतो. तिथे यू-बूट या बूटलोडरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला, छोटा टप्पा असावा लागतो. त्याने मेमरी सुरू करायची आणि मग मोठा बूटलोडर आणायचा. हा 8 किलोबाइटचा आकडा चिपमध्ये कायमचा बसलेला आहे. पुढे जीपीटी पद्धतीची पार्टिशन सारणी, म्हणजे कार्डावरच्या जागेच्या वाटणीची नोंद, रूढ झाली. ती कार्डाच्या सुरुवातीची साधारण 17 किलोबाइट जागा घेते, म्हणजे थेट बूटलोडरच्या डोक्यावर येऊन बसते. नंतरच्या चिपांमध्ये 128 किलोबाइटवर शोधण्याचीही सोय झाली. पण जुन्या बोर्डावर नेहमीच्या पद्धतीने जीपीटी केली की बूटलोडर पुसला जातो, बोर्ड मुका होतो आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. इमेजमध्ये कुठला तुकडा कुठे बसतो ही इतकी महत्त्वाची माहिती आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती एखाद्या इंजिनिअरच्या डोक्यात किंवा जुन्या ईमेलमध्ये असते.

हे झालं सोपं प्रकरण. बीगलप्ले या बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम625 चिप आहे. ती सुरू व्हायला तीन फाइली लागतात. पहिल्या फाइलीत एका छोट्या आर5 प्रोसेसरसाठीचा यू-बूटचा पहिला टप्पा, चिपच्या सुरक्षा-नियंत्रकाचं कंपनीने दिलेलं बंद (सोर्स कोड न दिलेलं) फर्मवेअर आणि बोर्डाच्या जुळणीची माहिती असते, आणि या सगळ्यावर डिजिटल सहीचं प्रमाणपत्र चढवलेलं असतं. दुसऱ्या फाइलीत मुख्य प्रोसेसरसाठीचं ट्रस्टेड फर्मवेअर, ऑप-टी हा सुरक्षित कप्प्यातला छोटा ओएस, चिपची साधनं वाटून देणारं आणखी एक फर्मवेअर, यू-बूटचा दुसरा एक टप्पा आणि बोर्डाचं वर्णन. खरा यू-बूट येतो तिसऱ्या फाइलीत. लिनक्सची पहिली ओळ पडद्यावर उमटण्याआधी निरनिराळ्या प्रकल्पांतून, निरनिराळ्या परवान्यांखाली आलेला इतका कोड चालून गेलेला असतो. शिवाय तीच चिप साधी आहे की सही तपासणारी, यावर कुठली फाइल चालेल हे ठरतं. एक तुकडा चुकीच्या आवृत्तीचा आला तर कधी बोर्ड सुरूच होत नाही. कधी सुरू होतो आणि सहा महिन्यांनी उन्हाळ्यात मेमरीच्या चुका दाखवू लागतो. दुसरा प्रकार जास्त वाईट.

आता हे तुकडे एकत्र कोण करतं? वर्षानुवर्षं हे काम शेल स्क्रिप्ट, मेकफाइलच्या ओळी आणि चिप कंपनीने झिपमध्ये दिलेली एखादी चालवायची फाइल यांच्यावर भागवलं गेलं. पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हाच अनुभव ऐकू येईल. माझ्याकडे देखभालीला आलेलं एक उत्पादन सांगतो. बोर्डावरची मेमरीची चिप बाजारातून बंद झाली होती आणि पर्यायी चिपसाठी मेमरीच्या जुळणीचा भाग बदलायचा होता. यू-बूटचा सोर्स कोड होता, पॅचेस होते, सगळं गिटमध्ये नीट ठेवलेलं होतं. पण शेवटची इमेज ज्या बॅच फाइलने बांधली जायची ती एका माणसाच्या लॅपटॉपवर होती, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला होता. त्या फाइलीत कुठले आकडे होते, कुठला ब्लॉब (सोर्स कोडशिवाय मिळालेला तयार तुकडा) कुठल्या आवृत्तीचा होता, हे शोधण्यासाठी आम्हाला विकलेल्या यंत्रातून फ्लॅश चिपची प्रत काढून तिचे बाइट एकेक करून उलगडावे लागले. सोर्स कोड हातात असूनही यंत्र आमच्या ताब्यात नव्हतं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशा कंपन्या भरपूर आहेत.

या दुखण्यावर यू-बूट प्रकल्पाने 2016 च्या सुमारास एक साधन आणलं, बिनमॅन. सायमन ग्लास यांनी ते पायथॉनमध्ये लिहिलं. त्यामागचा विचार सरळ आहे. कोड कंपाइल करणं हे एक काम, आणि तयार झालेले तुकडे एका इमेजमध्ये मांडणं हे दुसरं काम. ही दोन कामं एकमेकांत मिसळू नयेत. तुकडे कसे मांडायचे हे स्क्रिप्टमध्ये न लिहिता एका वर्णनात लिहायचं, तेही डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावरच्या भागांचं वर्णन लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, रूपात, जे बोर्डावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आधीच वाचता येतं. इथे यू-बूटचा पहिला टप्पा, त्यानंतर इतक्या अंतरावर ट्रस्टेड फर्मवेअर, मधली रिकामी जागा अमुक बाइटने भरायची, हा भाग दाबून ठेवायचा, त्या भागाचा हॅश (त्यातल्या बाइटांवरून निघणारा ओळख पटवणारा आकडा) काढायचा, शेवटी सही करायची. साधन हे वर्णन वाचतं, जागांचा हिशेब करतं, दोन तुकडे एकमेकांवर चढत असतील तर थांबतं आणि इमेज बांधतं. इंटेलच्या बोर्डांवर हे काम सगळ्यांत किचकट होतं. तिथे प्रोसेसर आपली पहिली सूचना चार गिगाबाइटच्या सीमेच्या 16 बाइट अलीकडून उचलतो, त्यामुळे एक तुकडा रॉमच्या अगदी टोकाला बसवावा लागतो. सोबत कंपनीचं मॅनेजमेंट इंजिन, मायक्रोकोड आणि मेमरी सुरू करणारा बंद भाग येतोच. पुढे ऑलविनर, रॉकचिप, एनएक्सपी आणि 2023 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे बोर्डही या पद्धतीवर आले. टीआयच्या बाबतीत पहिली फाइल बांधण्यासाठी पूर्वी कोडचं वेगळं भांडार उतरवून घ्यावं लागायचं, ते काम यू-बूटच्याच बांधणीत आलं.

या साधनाचे दोन गुण मला सार्वजनिक दृष्टीने फार मोलाचे वाटतात.

पहिला गुण म्हणजे एखादा तुकडा नसेल तर ते लपवलं जात नाही. बंद ब्लॉब सगळ्यांकडे नसतात, आणि यू-बूटला तर हजाराहून जास्त बोर्डांची बांधणी सतत तपासावी लागते. म्हणून तुकडा नसतानाही बांधणी पुढे नेण्याची मुभा आहे. पण तेव्हा बिनमॅन स्पष्ट बजावतो की या इमेजमध्ये अमुक बाह्य ब्लॉब नाही आणि ही इमेज चालणार नाही. तो ब्लॉब कसा मिळवायचा याची बोर्डनिहाय माहितीही तो छापतो. जिथे एक तुकडा गायब असूनही फाइल निमूट तयार होते, तिथे चुकीची फाइल कारखान्यापर्यंत पोहोचते.

दुसरा गुण त्याहून मोठा. वर्णनात एक नोंद घातली की इमेजचा नकाशा इमेजच्याच पोटात जाऊन बसतो. मग कुणीही ती फाइल घेऊन एक आज्ञा दिली की तक्ता समोर येतो: तुकड्याचं नाव, तो इमेजमध्ये कुठे सुरू होतो, त्याचा आकार किती, प्रकार कोणता, दाबलेला असेल तर मूळ आकार किती. हवा तो तुकडा बाहेर काढून त्याचा हॅश ताडता येतो. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसा यंत्राच्या मालकाला हा उतारा: कुठल्या गटात किती क्षेत्र आणि त्यावर कब्जा कुणाचा. ही नोंद आपोआप पडत नाही, बांधणाऱ्याने ती मुद्दाम घालावी लागते. म्हणूनच ती टेंडरमध्ये मागावी लागेल.

यावर कुणी म्हणेल, यासाठी तर एसबॉम आहे. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी द्यावी याबद्दल सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदाही डिसेंबर 2024 मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधनं डिसेंबर 2027 पासून लागू होतील; घटकांची यादी त्यातही आहे. या याद्या हव्यातच. पण त्या बहुधा बांधणीच्या बाजूला, वेगळ्या साधनाने तयार होतात, आणि कागद व यंत्र यांच्यात अंतर पडायला एक सुधारित आवृत्ती पुरते. बांधणीचं वर्णन वेगळ्या जातीचं असतं. त्याच्यावरूनच इमेज तयार होते. त्यातला आकडा चुकला तर यंत्र सुरू होत नाही, त्यामुळे ते शिळं राहूच शकत नाही. एखाद्या ब्लॉबला खोटं नाव देता येईल, हे मला मान्य आहे. पण तो किती मोठा आहे, कुठे बसला आहे आणि त्याचा हॅश काय, हे खोटं सांगता येत नाही. दहा वर्षांनी प्रयोगशाळेत कुणी तपासायला बसलं तर सुरुवात इथूनच करता येईल.

तपासलेला कोड आणि प्रत्यक्ष दिलेली वस्तू यांच्यातल्या फटीत काय घडू शकतं हे मार्च 2024 मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड या लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकुचन-लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. घातक माल चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि तो जागा करणारी बांधणीची ओळ सार्वजनिक भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, म्हणून ते उघडकीला आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बायनार्ली या संस्थेने दाखवून दिलं की शेकडो मॉडेलच्या संगणकांमध्ये सुरक्षित बूटची (सही तपासूनच यंत्र सुरू करण्याच्या सोयीची) मुख्य चावी म्हणून चाचणीची चावी तशीच बाजारात गेली होती. त्या चावीच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ असा इंग्रजी इशारा लिहिलेला होता. ती चावी हा इमेजमधला एक तुकडाच होता. बांधणीचा उतारा खरेदीदाराच्या टेबलावर असता तर ते नाव कुणाच्या तरी नजरेला पडलं असतं, निदान पडण्याची शक्यता तरी असती. आज ती शक्यताच नाही.

कायद्याच्या बाजूनेही ही मागणी अवाजवी नाही. यू-बूट जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो. त्या परवान्यात संपूर्ण सोर्स कोडची व्याख्या केली आहे, आणि प्रोग्राम बांधण्यासाठी व बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही तिच्यात स्पष्ट शब्दांत धरल्या आहेत. म्हणजे यू-बूट वापरून कॅमेरा विकणाऱ्याने ग्राहकाने मागितल्यावर नुसत्या सी भाषेतल्या फाइली पाठवून चालत नाही. इमेज कशी बांधली हेही देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हा हक्क बजावल्यावर काय होतं याचं एक उदाहरण जुनं आहे. 2003 मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड लोकांच्या रेट्यामुळे खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरच्या खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले असंख्य राउटर आजही त्याच्यामुळे सुरक्षित आवृत्तीवर चालतात. आपल्याकडे मात्र पाच वर्षांचा देखभाल-करार संपला की चौकातले कॅमेरे भंगारात जातात, कारण त्यांत नवं फर्मवेअर घालणं कुणालाच जमत नाही. हा पैसा करदात्यांचा आहे.

विरोधातले मुद्दे मी नेहमी ऐकतो, त्यातले दोन गंभीरपणे घ्यावेत असे आहेत. एक म्हणजे नकाशा खुला केला तर हल्लेखोराला तो आयता मिळेल. पण ज्याला हल्ला करायचा आहे तो बाजारातून एक कॅमेरा विकत घेतो, फ्लॅशची प्रत काढतो आणि तयार साधनांनी तुकडे वेगळे करतो. आम्ही त्या उत्पादनाचं केलं ते हेच. त्याच्यापासून काहीच लपत नाही. लपतं ते मालकापासून, तपासनिसापासून आणि दुरुस्ती करणाऱ्यापासून. व्यवस्थेची सुरक्षा चावीच्या गुप्ततेवर असावी, रचनेच्या गुप्ततेवर नसावी, हे तत्त्व ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी 1883 मध्येच मांडलं होतं.

दुसरा मुद्दा बंद ब्लॉबचा. मेमरीची जुळणी करणारा कोड चिप कंपन्या खुला करत नाहीत आणि भारतातल्या छोट्या उत्पादकाच्या हातात ते नसतं. हे खरं आहे. मी त्याच्याकडे तो कोड मागत नाही. ब्लॉबचं नाव, आवृत्ती, तो कुठून मिळाला, हॅश काय आणि परवाना कोणता, एवढं लिहून द्यायला कुठलाही करार आड येऊ नये. इमेजमधल्या कुठल्या भागात आपल्याला डोकावता येत नाही हे कळणं, हीसुद्धा मोठी माहिती आहे. सहीचंही तसंच. खासगी चावी कंपनीकडेच राहावी. सही न केलेले तुकडे आणि वर्णन दिलं की त्रयस्थाला इमेज पुन्हा बांधून, सहीचा भाग वगळून, बाइटला बाइट ताडता येते. त्यासाठी बांधणीची वेळ पक्की करावी लागते, कारण यू-बूट आपल्या पहिल्या ओळीत तारीख-वेळ छापतो आणि तेवढ्यानेही फाइल बदलते. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून ठेवला की हा अडथळा संपतो. खर्चाचं म्हणाल तर साधन मोफत आहे. बांधणीचं वर्णन पहिल्यांदा लिहायला वेळ लागतो, तो लागणारच.

मी एका साधनाचा प्रचार करत नाही, हेही सांगायला हवं. कोअरबूट या खुल्या फर्मवेअरची स्वतःची मांडणीची पद्धत आहे, पीसीवरच्या यूईएफआय फर्मवेअरच्या जगात फ्लॅशचं वर्णन करणारी वेगळी फाइल असते, बिल्डरूट वापरणारे जेनइमेज वापरतात. बिनमॅनमध्येही त्रास आहेत. पायथॉनच्या आवृत्त्यांचा घोळ होतो, आणि मोठ्या बोर्डांची वर्णनं एकातून दुसरी फाइल ओढत इतकी पसरतात की शेवटी काय बनलं हे तयार झालेल्या नकाशातच बघावं लागतं. नियमात साधनाचं नाव घालूच नये. वाचता येईल असं वर्णन, त्यावरून पुन्हा बांधता येईल अशी इमेज आणि इमेजच्या आत नकाशा, एवढं मागावं.

स्वदेशी चिपांच्या बाबतीत तर ही वेळ दवडता कामा नये. 2022 मध्ये केंद्राने डीर-व्ही हा रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-मानकावरचा कार्यक्रम सुरू केला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्याच्या केंद्रस्थानी आहेत. सी-डॅकचं मुख्यालय इथेच पुण्यात आहे. या चिपांवर अजून जुन्या सवयींचं ओझं नाही. चिपमधला पहिला प्रोग्राम कुठून वाचतो, कुठली सही तपासतो, इमेजची मांडणी कशी असते, हे सगळं पहिल्या दिवसापासून प्रसिद्ध करता येईल. भारतीय चिपवर बंद, न वाचता येणारी इमेज चालणार असेल तर आयात केलेल्या कॅमेऱ्याबद्दल आपण जी तक्रार करतो तीच तक्रार आपल्याच मालाबद्दल करावी लागेल.

सुरुवात दिल्लीतून व्हायला हवी असंही नाही. पुणे, नागपूर, नाशिक या महापालिका कॅमेरे, सिग्नलचे नियंत्रक आणि पाण्याच्या मीटरची माहिती गोळा करणारे गेटवे स्वतःच्या टेंडरवर घेतात. यांतल्या जिथे जिथे लिनक्स आणि यू-बूट चालतो, त्या प्रत्येक टेंडरच्या तांत्रिक अटींमध्ये एक परिच्छेद वाढवता येईल: मालासोबत इमेजच्या बांधणीचं वर्णन द्यावं, बंद ब्लॉबची हॅशसह यादी द्यावी, त्रयस्थ संस्थेने इमेज एकदा पुन्हा बांधून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. असा परिच्छेद लिहू शकणारे इंजिनिअर हिंजवडीत आहेत, आणि निविदापूर्व बैठकीत सूचना मांडायला ठेकेदारच असावं लागतं असं नाही. लेखी सूचना कुठलाही नागरिक पाठवू शकतो.